आई पार्किंगमधून वर यायला तयार नाहीत. किल्लारीचा भूकंप अनुभवलेलं कोणी आहे का इथे?

सुमी_मानेवाडा
४ डिसेंबर २०२४, दुपारी २:१०

आज सकाळी साडेसातच्या जरा आधी नागपुरात कोणाकोणाला जाणवलं? आम्ही मानेवाड्याला, चौथ्या मजल्यावर. मी पोळ्या लाटत होते. आधी वाटलं चक्कर येतेय, मग बघते तर ओट्यावरच्या बरणीतलं तेल हलतंय. मुलगा आतून ओरडला, "आई, पंखा बंद आहे आणि झुलतोय!" दहा-बारा सेकंद असेल नसेल. थांबलं म्हणून मी पोळी तव्यावर टाकली, वळून पाहिलं तर बाहेरचं दार सताड उघडं. सासूबाई गेलेल्या.

चार मजले अनवाणी उतरल्या. सत्तरीला टेकल्यात, गुडघे गेलेत, एरवी लिफ्ट बंद असेल तर देवळाचंही नाव काढत नाहीत. मी खाली पोचले तेव्हा आमच्या स्कूटीचा आरसा घट्ट धरून उभ्या होत्या. वर चला म्हटलं, नुसती मान हलवली. शेजारच्या काकांनी खुर्ची दिली, वॉचमनने चहा दिला. आता दोन वाजून गेले. जेवणाचं ताट मी खालीच नेलं.

सासर लातूरकडचं. गाव किल्लारीजवळ, नाव लिहीत नाही, पण उठवून दुसरीकडे वसवलेल्या ५२ गावांपैकी एक. ३० सप्टेंबर १९९३ ला आई ढिगाऱ्यातून निघालेल्या. हे तेव्हा लातूरला होस्टेलवर होते म्हणून वाचले. आईंच्या जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं गेली. मला आईंनी स्वतःहून यातलं काही सांगितलेलं नाही, जे कळलं ते ह्यांच्याकडून. आईंचा घरात एकच हट्ट: त्यांच्या खोलीला आतून कडी नको. आम्ही ती कडीच स्क्रू काढून ठेवून दिलीय.

त्यांना वर कसं आणू? आणि खरंच नागपूरला किती भीती आहे?

ऑरेंजसिटी_पोट्टा
४ डिसेंबर, दुपारी २:३१

जाणवलं ना बाप्पा! आमच्या इतवारीत लोकं बनियनवर रोडवर येऊन उभे. सात सत्तावीसले झाला म्हणते, केंद्र तेलंगणात मुलुगू जिल्ह्यात, ५.३ चा. गडचिरोली-चंद्रपुराकडं जास्त हाललं. आता व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरून राहिला का रात्री ११ वाजता पुन्हा येनार, नासानं सांगतलं. नासाले दुसरे कामधंदे नाही काय?

काकूले सांगा काही होत नाही. नागपूर सेफ झोनात हाय.

गिट्टी_रेती_सिमेंट
४ डिसेंबर, दुपारी २:५०

पोट्टेभाऊ, किल्लारीसुद्धा सेफ झोनमध्येच होतं.

हे गमतीने लिहीत नाही. १९९३ साली देशाचा भूकंप-नकाशा पाच झोनचा होता आणि किल्लारी पहिल्या झोनमध्ये, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. तिथे ६.२ चा झाला. २००२ साली नकाशा सुधारला, पहिला झोन रद्द करून दुसऱ्यात मिळवला, आणि लातूरचा भाग थेट तिसऱ्यात गेला. त्या नकाशात नागपूर दुसऱ्या झोनमध्ये आहे. म्हणजे शक्यता कमी. शून्य नाही.

सुमीताई, तातडीचं आधी. आईंना पार्किंगमध्ये बसू देऊ नका. वर भिंती आणि खाली नुसते कॉलम, अशा इमारतीत जोराच्या धक्क्याला सगळा ताण तळमजल्याच्या कॉलमवर येतो. वरचे मजले एकसंध राहतात आणि खालचा बसतो. भुजच्या भूकंपात, २६ जानेवारी २००१ ला, केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत अशाच पार्किंगवरच्या इमारती कोसळल्या. बाहेर बसायचंच असेल तर उघड्यावर, इमारतीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब.

सुमी_मानेवाडा
४ डिसेंबर, दुपारी ३:४०

हे वाचून दाखवलं त्यांना. लक्ष देऊन ऐकलं. मग मान वर करून सगळे कॉलम बघितले आणि म्हणाल्या, "व्हय की. ह्याला भित्ताडंच न्हाईत."

आता समोरच्या रिकाम्या प्लॉटवर खुर्ची टाकून बसल्यात. गाजरगवतात. धन्यवाद भाऊ.

गिट्टी_रेती_सिमेंट
४ डिसेंबर, दुपारी ३:४४

अरे देवा.

माळवद
४ डिसेंबर, रात्री ९:२०

मी औसा तालुक्यातला, नोकरीमुळे बारा वर्षं नागपुरात, हिंगण्याला. भूकंपात मी सहावीत होतो. आमचं गाव किल्लारीपासून लांब, आम्हाला भेगांवर निभावलं. पण घर तसलंच, म्हणून त्या घराबद्दल लिहितो. विदर्भातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे ते घर येत नाही आणि मग "एवढी माणसं मेली कशी" हा प्रश्न पडतो.

आमच्याकडची भिंत म्हणजे दोन हात रुंद. काही वाड्यांत त्याहून जास्त. बाहेरून बघाल तर घडीव काळा दगड, कसा देखणा. आतल्या अंगाला दुसरा थर. आणि दोन्हींच्या मध्ये? माती, गोटे, चिपा, जे हाताला लागेल ते. या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार जाणारा लांब दगड कोणी घालत नसे, कारण त्याला खर्च आणि मेहनत. म्हणजे दिसायला एक भिंत, असायला दोन, आणि मध्ये पोतं भरल्यासारखी माती. त्या जाडीतच देवळ्या, त्या जाडीतच धान्याचं बळद. उन्हाळ्यात आत गेलं की गारवा, चोराची बिशाद नाही. थोरल्या घराची ओळखच ती. सोयरीक ठरवताना भिंतीची रुंदी बघत.

वर माळवद. लाकडी खणांवर फळ्या नाहीतर चिपाड, त्यावर मातीचा जाड थर. गळायला लागलं की वरून अजून पाटीभर पांढरी माती. पुढच्या साली अजून. जुनी कोणी काढत नाही. तीन पिढ्यांची माती डोक्यावर घेऊन आम्ही झोपायचो.

पहाटे ३:५६ ला ते हललं तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले. एक बाहेर रस्त्यावर पडला, एक आत अंथरुणावर. वरून माती. पुष्कळ माणसं दगडाने नाही, मातीने गेली. नाकातोंडात माती. बोळ इतके अरुंद की जो दारातून निघाला त्याच्यावर समोरच्याची भिंत.

आणि गावकुसाबाहेर कुडाच्या, पाचटाच्या झोपड्यांत राहणारी माणसं? ती बरीचशी वाचली. कूड हलला, तिरका झाला, राहिला उभा. ज्याला गावात दगडी घर बांधायची ऐपत नव्हती, तो सकाळी पाटलाच्या वाड्यावरची माती उपसत होता. हे मी मोठ्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलंय, आणि सांगताना प्रत्येकाचा आवाज इथे येऊन जरा खाली जातो.

धरमपेठेतला_म्हातारा
४ डिसेंबर, रात्री १०:०५

मी गेलो होतो. नागपूरहून आमचा बारा जणांचा गट, बहुतेक कॉलेजची पोरं, एका ट्रकमध्ये. यवतमाळ-नांदेड करत चौथ्या दिवशी सकाळी पोचलो. पाऊस लागला होता. मातीचा चिखल झालेला, म्हणजे उपसणं दुप्पट अवघड.

दोनच गोष्टी लिहितो, बाकीच्या लिहवत नाहीत. एक, सरण. लाकूड नव्हतं, म्हणून पडलेल्या माळवदाच्या तुळया ओढून आणून त्याच रचत होते. दुसरी, कपडे. रस्त्याच्या कडेला मैलभर जुन्या कपड्यांचे ढीग, देशभरातून आलेले. त्यात सूट होते, नायलॉनच्या साड्या होत्या, लहान मुलींचे झालरीचे फ्रॉक होते. नऊवारी नेसणाऱ्या बायका त्या ढिगांकडे बघतही नव्हत्या. आमच्या ट्रकमध्येही तेच होतं, धंतोली-धरमपेठेतून गोळा केलेलं. आम्ही ते मुकाट परत खाली दाबून ठेवलं आणि फावडी काढली.

मुख्यमंत्री शरद पवार तिथे तळ ठोकून होते, लष्कर होतं, ते सगळं पेपरात आलंच. कमी आलं ते मुलांचं. भारतीय जैन संघटनेने बाराशेच्या आसपास मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली.

मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळपास. काही नोंदींत साडेनऊ हजारांच्या वर.

सुमीताई, तुमच्या सासूबाईंना वर आणायची घाई करू नका. नागपूरची डिसेंबरची थंडी आणि डास ते काम करतील.

बेसाल्ट
५ डिसेंबर, सकाळी ८:१५

भूशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे थोडं खालचं सांगते.

किल्लारीला कोणी अपेक्षा केली नव्हती कारण दख्खनचं पठार म्हणजे जुनं, घट्ट, शांत, असं पुस्तकात शिकवायचे. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेने तिथे ६१७ मीटर खोल भोक पाडलं. वरचा काळा दगड साधारण ३३८ मीटरमध्येच संपला आणि खाली त्याच्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटी पाया लागला. लाव्हा वरून पसरला म्हणून खालचे जुने तडे दिसत नाहीत, इतकंच. आपला भूखंड उत्तरेकडे वर्षाला पाचेक सेंटिमीटर सरकतोय, हिमालयाला रेटतोय, तो ताण आतपर्यंत पोचतो आणि अशा एखाद्या जुन्या तड्यावर सुटतो. शिवाय उगम फार खोल नव्हता, म्हणून थोड्या टापूत सगळा जोर.

नागपूर तर गमतीशीर जागी आहे. पश्चिमेला सीताबर्डीच्या टेकडीपर्यंत तोच काळा दगड, पूर्वेकडे तो संपून जुना पाया उघडा पडतो, कामठीकडे कोळशाचे थर. आणि उत्तरेला नर्मदेचा पट्टा, तो जास्त जागृत आहे. २२ मे १९९७ चा जबलपूरचा ५.८ चा भूकंप त्यातलाच.

धरमपेठेतला_म्हातारा
५ डिसेंबर, सकाळी ८:४०

जबलपूरचा पक्का आठवतो! पहाटे सव्वाचार-साडेचारची वेळ, मे महिना, अर्धं नागपूर गच्चीवर झोपलेलं. खाट सरकल्यासारखी वाटली. बायको म्हणाली मांजर असेल. खाली येऊन पाहतो तर कूलरच्या टाकीतलं पाणी हॉलभर.

ऑरेंजसिटी_पोट्टा
५ डिसेंबर, सकाळी ९:०२

बेसाल्टताई, मंग आपल्या मे महिन्यातले ते लहान धक्के? लागोपाठ तीन दिवस अडीच-पावणेतीनचे नोंदले होते. सगळे म्हणे खदानीतलं ब्लास्टिंग.

आनि किल्लारीचं ते धरणामुळं झालं ना? तेरणेच्या?

बेसाल्ट
५ डिसेंबर, सकाळी ९:३०

मे महिन्यातले खरे होते, पण इतके लहान की त्यावरून कशाचाच अंदाज बांधू नये. एक अंक वाढला की ऊर्जा साधारण बत्तीसपट वाढते. कालचा ५.३ होता ना? किल्लारीचा त्याच्या वीस-बावीसपट.

तेरणेच्या धरणाबद्दल शास्त्रज्ञांत वाद झाला, कोयनेचं उदाहरण होतंच. एकमत नाही. "धरणामुळेच" असं ठासून सांगणाऱ्याला मी तरी आधी पुरावा मागेन.

वर्धमाननगर_ते_वॉशिंग्टन
५ डिसेंबर, सकाळी ११:१०

वाचून एक कळत नाही. किल्लारीला आधीच्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्टपासून, सव्वाशेच्या वर लहान-मोठे धक्के बसले होते. ऑक्टोबरातला तर चांगला जोराचा होता. लोक तेव्हा घाबरून बाहेर झोपत होते असंही वाचलंय. मग वर्षभरात परत त्याच घरांत झोपायला का गेले? सॉरी, पण हा सरळसरळ निष्काळजीपणा आणि नशिबावर हवाला ठेवणं झालं. आपल्या लोकांना शास्त्रीय दृष्टिकोनच नाही.

माळवद
५ डिसेंबर, सकाळी ११:२५

तुम्ही कितव्या मजल्यावर राहता हो तिकडे?

जाऊ द्या. भांडत नाही. पण शेतात ज्वारीच्या ताटात, विंचू-काट्यात, बायका-लेकरं घेऊन किती रात्री काढाल ते सांगा. आणि जायचं कुठे? तेव्हा कोणी येऊन "भिंतीला पट्टा घाला, माळवदावरची निम्मी माती उतरवा" असं सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. ते सगळं नंतर आलं, जागतिक बँकेच्या पैशातून. भिंतीला आरपार भोकं पाडून त्यात वाकवलेली सळई आणि काँक्रीट, म्हणजे दोन थर एकमेकांना धरून राहतील. आमच्या घरात तशी भोकं पाडली. किती साधी युक्ती! आमचे आजोबा ते बघत बसायचे आणि म्हणायचे, एवढंच होतं होय रे.

गिट्टी_रेती_सिमेंट
५ डिसेंबर, दुपारी १:००

वॉशिंग्टनकर, निष्काळजीपणा बघायचा तर इकडे नागपुरात बेसा भागात चला. गेल्या महिन्यात एका स्कीमवर गेलो होतो, पाच मजली, पार्किंगवर. स्लॅबच्या आदल्या दिवशी कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा बघितल्या. रिंगेची टोकं आत, काँक्रीटच्या पोटात वळवायची असतात, १३५ अंशात, म्हणजे हादऱ्याने रिंग उघडत नाही. तिथे सगळी काटकोनात. हाताने ओढली तर उघडत होती. मिस्त्रीला विचारलं. म्हणाला, "साहेब, आतवर वाकवायला टाइम लागते, इकडं कोनी बघत नाही." ठेकेदार म्हणाला आपण झोन दोनमध्ये आहोत, सक्ती कुठेय. आणि फ्लॅट बघायला आलेलं जोडपं टाइल्सचा रंग विचारत होतं.

मला त्या रिंगांत आणि माळवद यांच्या आरपार नसलेल्या दगडात काहीही फरक दिसत नाही. दोन्ही आत, दोन्ही न दिसणारे, दोन्ही थोड्या पैशांचे.

नवं_गाव_जुनं_गाव
५ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

लातूर-धाराशिवकडे कामानिमित्त पाच वर्षं होते, म्हणून वसवलेल्या गावांबद्दल. जमिनीच्या हिशेबाने २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली. रस्ते सरळ, रुंद, शहरातल्या ले-आउटसारखे. पण शेतकऱ्याच्या घराला गोठा लागतो, कडबा ठेवायला जागा लागते, बाईला दारात बसून बोलायला समोर दुसरं दार लागतं. सरळ रस्त्यावर रांगेत घरं, गाव पसरून कुठल्या कुठे गेलं, शेत लांब पडलं. मग माणसांनी हळूहळू पुढे पत्रे टाकले, मागे चूल काढली. गुबाळला घुमटासारखी गोल घरं आहेत. भूकंपाला भक्कम असतील, पण गोल भिंतीला कपाट कसं लावायचं ते मला तिथल्या एका आजींनी विचारलं होतं. बाणेगावचं काम वास्तुविशारद लॉरी बेकर यांचं, घोळक्याने घरं, मध्ये अंगण. तिथे जरा जीव रमतो.

बऱ्याच जणांना पक्क्या घरात झोपच येत नसे. घर दिलं, किल्ली दिली, आणि माणसं शेजारी टाकलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपायची. सुमीताईंच्या आईंचं मला नवल वाटलं नाही.

सुमी_मानेवाडा
८ डिसेंबर, रात्री ९:५०

उशिरा लिहितेय, माफ करा.

म्हातारेबाबा, तुमचं खरं ठरलं. पहिल्या रात्री अकरापर्यंत प्लॉटवर होत्या. हे शेकोटी करून सोबत बसले. मग डासांनी फोडून काढलं आणि दोघं मुकाट वर आले. त्या गॅलरीत झोपल्या, दोन गोधड्या आणि माझी शाल घेऊन. दुसऱ्या दिवशी दिवसभर घरात, रात्री परत गॅलरी.

काल दुपारी तूर निवडत बसलो होतो. वॉशिंग्टनकरांचा प्रश्न माझ्या डोक्यात होता, विचारू की नको करत विचारून टाकला. आई, आदल्या वर्षी एवढे धक्के बसत होते, तर परत आत का झोपायला गेलात?

निवडणं थांबलं नाही. म्हणाल्या, "लई दिस रानात निजलाव आम्ही. भांडी खणखणायची, जमिनीतनं गुरगुर यायची. मंग थंडी पडली. लेकरं खोकलायली. तिकडं घर उघडं, बळदात जवारी. मंग एक जण आत गेला. मंग दुसरा गेला. शेजारीण आत निजली की आपल्याला बाहेर निजायची लाज वाटती बघ. लोक म्हणायचे, ही लई जीवाला भेती." थोडं थांबल्या. "त्या राती गणपती बोळवून आलाव. पाय नुसते दुखायलते. पडल्या पडल्या डोळा लागला."

मी काही बोलले नाही. त्या आपणहून पुढे म्हणाल्या.

"जावंकडं पाव्हणे होते, म्हणून तिनं तिच्या खोलीला आतून कडी घातलेली. मी ह्या अंगाला मातीत गळ्यापर्यंत. कडी वाजायची आवाज यायचा. ती काढाय बघायली, पर दार दाबलं गेलं होतं. लई येळ वाजली."

एवढंच. मग तुरीतला एक खडा काढून ताटलीत टाकला आणि "ह्या दुकानवाल्याकडनं परत आणू नगंस" म्हणाल्या.

गिट्टीभाऊ, रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. पार्किंगमध्ये काही कॉलमच्या मध्ये भिंती घालून घेता येतात का, हे विचारायचंय. सेक्रेटरी आत्ताच म्हणाले की गाड्या कुठे लावणार. तुम्ही येऊन बघाल का? रिंगा तर आता दिसायच्या नाहीत.

गिट्टी_रेती_सिमेंट
८ डिसेंबर, रात्री १०:१२

येतो. सकाळी दहाला. वाटेल तिथे भिंत घालायची नसते, आधी मोजमाप करावं लागेल, बिल्डरकडून जुने नकाशे मिळतात का बघा. नसतील तर कॉलम कुठे किती सळईचा आहे ते तपासायचं यंत्र आणतो.

ऑरेंजसिटी_पोट्टा
८ डिसेंबर, रात्री १०:३०

ताई, मी पन येतो. सेक्रेटरीसोबत बोलाले माणूस लागनच. आनि काकूले नमस्कार सांगा. मी उगाच म्हनलं होतं त्या दिवशी.

सुमी_मानेवाडा
८ डिसेंबर, रात्री १०:४१

या दोघंही, पोहे करते. तर्री नको म्हणणारे आधीच सांगा.

ती खुर्ची अजून प्लॉटवरच आहे. वॉचमनने दोनदा उचलून आणली, आईंनी दोन्ही वेळा परत नेऊन ठेवायला लावली.